फाटकाजवळची खोली

८ सप्टेंबर, मंगळवार

निवडून आली! आमची सूनबाई निवडून आली!

अक्षर वेडंवाकडं येतंय. संधिवात नाही, आनंद आहे. खाली रस्त्यावर ओरडाआरडा झाला तेव्हा ही बाई कुठे? गच्चीवर! चादरी वाळत घालत होती. चिरंजीव धापा टाकत जिना चढून गेले — "अगं, जिंकलीस!" — तर म्हणते कशी, "हो का? जरा ते टोक धरा." एका चादरीला ही किती चिमटे लावते! दोरीभर नुसते चिमटेच. बाकीच्या कपड्यांना उरत नाहीत. माझ्या ओढण्या बिचाऱ्या वाऱ्यावर. लग्न होऊन आली तेव्हापासून सांगतेय, या एका बाबतीत ऐकेल तर शपथ.

नगरपालिकेची जागा बायकांसाठी राखीव झाली आणि मोहल्ल्यातून कोणी उभं राहीना. "कोणीच नाही तर मी राहते," ती भाजी निवडता निवडता म्हणाली. मी हसले होते. लहानपणीच आई गेलेली, मावशीने वाढवलेली, बोलणं मोजून-मापून. शांत आहे म्हणून तर मी पसंत केली होती! म्हटलं, "भाषण कोण करणार, तुझी सासू?" भाषण तिने केलंच नाही. घरोघर गेली आणि लोकांचं ऐकत बसली. आता बोला.

१० सप्टेंबर, गुरुवार

घरभर पुष्पगुच्छ. शिंका मला, कौतुक तिचं.

१६ सप्टेंबर, बुधवार

चिरंजीवांनी पुढच्या दाराला पाटी ठोकली. 'नगरसेविका' — ठळक, झोकदार. बाहेरच्या खोलीत टेबल, खुर्च्या, पाण्याचा जग, घंटी. घंटीसुद्धा! त्या खुर्च्यांवर आजतागायत कोणी टेकलेलं नाही. चिरंजीव एकटेच पेपर वाचत बसतात आणि मधूनमधून घंटी वाजवून बघतात.

बायका सगळ्या मागच्या दाराने येतात. थेट स्वयंपाकघरात. ओट्याशी, उंबऱ्यावर, पाटावर. माझं स्वयंपाकघर राहिलंय कुठे? परवा एक आली, नुसतीच बसून राहिली. सूनबाई पीठ मळतेय. ती गप्प, ही गप्प. मला राहवेना. मी तोंड उघडणार तोच सूनबाईने डोळ्यांनी दटावलं — मला! पीठ मळून झालं, झाकून झालं, तेव्हा ती बाई हळूच म्हणाली, "माझी मुलगी कामावरून मागच्या गल्लीतून येते. तिथे दिवा नाही." बस, एवढंच. संध्याकाळी सूनबाई स्वतः त्या गल्लीतून एकटी चालत गेली आणि चालत आली. सकाळी नगरपालिकेत. आज तिथे दिवा आहे.

मी जन्मभर शाळेत मुलांना बोलतं करत आले. छडीने केलं, गोडीने केलं. पण गप्प राहून माणसाला बोलतं करता येतं, हे या वयात शिकतेय. आणि तेही सुनेकडून!

२७ सप्टेंबर, रविवार

शिवणवालीची आई गेली. दुपारी निरोप आला, लगेच गेले.

मोहल्ल्यातली बाई गेली की तिला शेवटची आंघोळ, गुसल, घालायला मला बोलावतात. मला आणि आपाला. आपा म्हणजे आमची शेजारीण, माझ्याहून वयाने मोठी, मला अजून 'मास्तरीण' म्हणणारी. आम्ही दोघी जोडीने जात आलो. आता तीच खाटेला खिळलीय, त्यामुळे आज माझ्या मदतीला स्वतः शिवणवाली होती. आईच्या अंगावर पाणी घालताना रडत होती, पण हात हलका. शिकेल.

पुरुषांचं बरं आहे. मशिदीमागे न्हाणी आहे, चौथरा आहे, नळ आहे. बायकांचं घरच्या घरी. घर असेल तर! शिवणवालीची एक खोली, त्यात पलंग, कपाट, दोन मशिनी. मग काय, नेहमीचंच. गल्लीत फळी मांडली, चार बाजूंनी बायकांनी चादरी धरल्या, गल्लीच्या तोंडाशी पुरुष पाठ करून उभे. वारा सुटला होता. मी नेहमीसारखी ओरडले, "घट्ट धरा गं! त्या पोरीसारखं सोडू नका!"

ती गोष्ट आता सगळ्यांना पाठ आहे. आपाने डोळ्यांनी पाहिलेली. ती कुठेतरी पाहुणी म्हणून गेली होती, तिथली. अशीच गल्ली, अशाच चादरी. बायका कमी पडल्या म्हणून एक कोपरा एका लहान पोरीच्या हातात दिला. वाऱ्याचा झोत आला, पोरीच्या हातून चादर सुटली आणि थेट समोरच्या छपरावर. भर दुपारी! रस्त्यावर माणसं! जिने आयुष्यात डोक्यावरचा पदर ढळू दिला नाही त्या बाईची ही गत. आणि नंतर बायका त्या पोरीला काय काय बोलल्या! आपा म्हणते, ते तोंडाने सांगवत नाही. मला पोरीची कीव येते. पण गोष्ट कामाची आहे — सांगितली की चादर धरणारीचे हात आपोआप आवळतात.

आणि आमची सूनबाई? गल्लीच्या टोकाला! पाणी तापवेल, बादल्या वाहील, कापूर आणेल, कफनाचं कापड आणेल. पण चादरीला हात लावायचा नाही, आत यायचं नाही. मयताची भीती वाटते म्हणे. आज एकीने टोमणा हाणलाच, "नगरसेविका झाली तरी भित्री ती भित्रीच." ही नुसती हसली. माझं डोकं फिरलं. त्या बाईवर फिरलं की हिच्यावर, ते मात्र कळलं नाही.

२९ सप्टेंबर, मंगळवार

आपाकडे गेलो होतो, दोघी. सूनबाई तिची नखं कापत होती. आपाने सगळं विचारलं — शिवणवालीची आई कशी दिसत होती, पाणी कोमट होतं का, केसांच्या तीन वेण्या घातल्यास का. मग छताकडे बघत म्हणाली, "मास्तरीण, मला गल्लीत नको गं."

मी म्हटलं, "गप. तुला काय होतंय!"

"इतक्या जणींना आपण चादरीआड धुतलं. दर वेळी मी मान वर केली की आभाळ. दर वेळी वाटायचं, चारी बाजूंनी झाकलं, पण वाऱ्याचं काय? मला भीती मरणाची नाही. वाऱ्याची आहे."

तिच्या घरात खाट फिरवायलाही जागा नाही. तेवढ्यात सूनबाई, नखावरची नजर न उचलता, "नाही धुणार गल्लीत, आपा. खोली बांधू." चहा टाकते म्हणावं तसं!

घरी येताना मी तिला धारेवर धरलं. "शब्द देऊन मोकळी झालीस! नगरपालिका काय तुझ्या माहेरची आहे?"

"माहेरचं तर माझं काहीच नाही, अम्मी," म्हणाली आणि पुढे चालू लागली. बोलून बसले खरं, मग मलाच चुटपुट लागली.

८ ऑक्टोबर, गुरुवार

कब्रस्तान कमिटीचे सदर, म्हणजे अध्यक्ष, आले. नळ-पाइपांचं मोठं दुकान, मोठं घर, मागे अंगण. यांच्या घरी कोणी गेलं तर चादरी धरायची गरजच नाही. चिरंजीवांनी आदराने बाहेरच्या खोलीत बसवलं, आनंदाने घंटी वाजवली. सूनबाई म्हणाली, "चाचांना आतच येऊ द्या, दूध उतू जाईल." सदर साहेब पाटावर! गुडघे कानांशी!

हिचं मागणं एकच. कब्रस्तानाच्या फाटकाला लागून अवजारांची खोली आहे — फावडी, घमेली, मोडकी शिडी. ती नगरपालिकेने दुरुस्त करायची, आत चौथरा, नळ, मोरी. बायकांच्या गुसलसाठी. कमिटीने फक्त होकार द्यायचा.

सदर म्हणाले, "बेटी, बायका कब्रस्तानात येत नाहीत. आजवर कधी आल्यात?"

"येतात की, चाचा. प्रत्येक बाई एकदा येतेच."

त्यांचा कप तोंडाशी गेला होता, तिथेच थांबला. मीही थांबले, हातात चिमटा, चिमट्यात पोळी. पोळी करपली. सदर साहेब चहा संपवून उठले, दारात पुटपुटले, "विचारतो कमिटीला." गेले तेही मागच्याच दाराने.

हे असलं हिला सुचतं कुठून?

२२ ऑक्टोबर, गुरुवार

आज सभागृह पाहिलं. जन्मात पहिल्यांदा! वर प्रेक्षकांसाठी बाकं आहेत, तिथे बसले. केवढं उंच छत, केवढे पंखे, खाली गोलात सगळे सदस्य, आणि त्या सगळ्यांत माझी सून. डोक्यावर माझीच फिकी निळी ओढणी. विचारून घेतली होती, "अम्मी, तुमची घालू?"

विषय आला. एक जुने सदस्य आहेत, मिशा अशा की दोन्ही बाजूंना एकेक लिंबू ठरेल. ते उभे राहिले. "ताई, जिवंत लोकांना सोयी पुरेनात. मेलेल्या बायका मतं देतात का?" सभागृह खो खो हसलं. माझ्या हाताची मूठ वळली.

ती थांबली. हसणारे हसून दमेपर्यंत थांबली. मग म्हणाली, "मतं देत नाहीत. मागायलाही येत नाहीत. म्हणून मी आलेय."

आवाज चढवला नाही, काही नाही. "साहेब, घरात एकच खोली आहे असं समजा. घरातली बाई गेली. तिला रस्त्यावर आंघोळ घालायची. चादर कोण धरणार? आणि वारा आला तर?"

बसली. संपलं भाषण! ही आपल्याच घरातली, आपल्याच मोरीत भांडी घासणारी? मी हिला ओळखते तरी का?

मंजूर झालं. मिशीवाल्यांनी हात वर केला नाही, पण विरोधही केला नाही. शेजारच्या बाकावरची अनोळखी बाई मला विचारते, "कोण हो या?" मी म्हटलं, "माझी सून." असं म्हटलं की मलाच निवडून दिलंय!

२३ ऑक्टोबर, शुक्रवार

सकाळी तीच सूनबाई नळाशी शेजारणीची भांडी धुऊन देत होती, तिचा हात भाजलाय म्हणून. मी बराच वेळ खिडकीतून बघत राहिले.

१४ नोव्हेंबर, शनिवार

काम सुरू. कमिटीचा होकार आला — कुरकुरत, पण आला. अवजारं हलवली, छत बदललं, फरशी चाललीय.

आपा रोज विचारते, "झालं का माझं घर?" डॉक्टर मान हलवतात, औषध बदलतात, परत मान हलवतात. आज तिचा श्वास फार लागला होता. जरा थांबला तशी म्हणते, "मौतचा फरिश्ता येऊन गेला काल. मी सांगितलं, बाबा, बांधकाम चालू आहे, नंतर ये."

"मग काय म्हणाला?"

"काय म्हणणार? गवंडी कुठला लावलाय विचारत होता."

हसून हसून पुरेवाट. बाहेर येऊन दाराआड रडले. या अल्लाह, एवढी वाट तिला बघू दे.

२५ नोव्हेंबर, बुधवार

घात झाला.

चौथरा बांधून झाला म्हणून बघायला गेलो. सूनबाई, नगरपालिकेची इंजिनिअरीण — तरुण, चुणचुणीत पोरगी — शिवणवाली आणि मी. सदर बाहेर फाटकाशी. खोली छानच! स्वच्छ पांढरी फरशी, वर एवढीशी खिडकी, पक्कं दार. मी आत पाय टाकला आणि जागीच थिजले. चौथरा भिंतीला चिकटवलेला! स्वयंपाकाच्या ओट्यासारखा! गवंड्याने जन्मभर स्वयंपाकघरं बांधली, त्याचा हात तिकडेच वळणार. नकाशा करणारीने जागा वाचवली. आणि आम्ही बायकांनी? आमच्यातलं कोणी मधे बघायलाच आलं नाही.

इंजिनिअरीण म्हणाली, "काय बिघडलं?" बोलून कळेना. आधी उजवी बाजू, मग कूस वळवून डावी, दोन्हीकडे माणूस हवं, अंगावरचं कापड सरकू न देता — सांगून सांगून थकले. शेवटी चपला काढल्या आणि चढले चौथऱ्यावर. आडवी झाले.

"घाला मला आंघोळ," म्हटलं.

शिवणवाली वाकली, इंजिनिअरीण तिच्यावरून वाकली, कोपर माझ्या नाकात. भिंतीकडच्या अंगाला हात पोचेना. कूस वळवायला गेल्या तर मी भिंतीवर आपटले. "अगं, मेलेलीला मारताय!" दोघी हसायला लागल्या, मीही.

आणि मग हसू ओसरलं. मी तशीच पडून राहिले. वर छत होतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी त्या बाजूने बघत होते, फळीवरून वर. आभाळ नाही, चादर नाही, कोणाच्या दुखऱ्या हाताची काळजी नाही. पाठीला गार फरशी. असं वाटलं की मी लहान आहे आणि आता कोणीतरी येऊन मला स्वच्छ करणार आहे. भीती अजिबात वाटली नाही. लिहितानाही विश्वास बसत नाही, पण उठावंसंच वाटेना.

मान वळवली तर सूनबाई दारात. उंबऱ्याबाहेर. आपण मंजूर करून घेतलेल्या खोलीत ही पाऊल टाकत नाही! चेहरा मात्र कागदासारखा पांढरा. "त्या नकाशावर सही माझी आहे," एवढंच म्हणाली.

२८ नोव्हेंबर, शनिवार

सदर म्हणतात, "एका बाजूने पाणी घाला, आत कोण बघतंय? परत फोडाफोडी केली तर कमिटी नाही म्हणेल." मी त्यांना काय म्हणाले ते इथे लिहीत नाही. कागदाला लाज वाटेल.

चिरंजीवांचा सल्ला — गवंड्याला गुपचूप सांगून चौथरा हलवून घ्यावा. कोणाला पत्ता लागणार नाही. सूनबाईने मान हलवली. "सगळ्यांना विचारून बांधलं. फोडायचंही विचारून." चिरंजीव कपाळाला हात लावून बसले. "अगं, सभागृहात स्वतःची चूक सांगणार? पुढच्या वेळी उभी राहायचं नाही का तुला?"

"पुढच्या वेळी आपा नसेल," ती म्हणाली.

आपाला मी काहीच सांगितलं नाही. म्हटलं, रंग वाळतोय.

८ डिसेंबर, मंगळवार

परत त्या बाकावर बसले. आज माझ्यापासून हातभर अंतरावर सदर साहेबसुद्धा, तोंड एवढं करून.

ती उभी राहिली. ओढणी परत माझीच. "फाटकाजवळच्या खोलीत चौथरा चुकीचा बांधलाय. तो फोडून मधोमध बांधायचा आहे. चूक माझी."

सभागृहात चुळबुळ. मिशीवाले पुढे सरसावून बसले. झालं, म्हटलं, आता फाडून खाणार!

"नकाशा मला दाखवला होता. मी बघितला, सही केली. चौथरा भिंतीला लागलाय हे मला कळायला हवं होतं. कळलं नाही, कारण मी आजपर्यंत एकाही मयताला हात लावलेला नाही. मी नेहमी लांब उभी राहते. लांबून बघून सही केली. यात इंजिनिअरचा दोष नाही, गवंड्याचा नाही."

आपल्या भित्रेपणाची कोणी अशी भर सभेत दवंडी पिटतं? पण ती उभी होती ताठ. मी शाळेत हजार मुलांना 'खरं बोलावं' असं फळ्यावर लिहून दिलं असेल. प्रत्यक्षात ते कसं दिसतं ते आज पाहिलं. भीती वाटावी इतकं सुंदर दिसतं.

मिशीवाले उठले. बराच वेळ मिशीवरून हात फिरवत राहिले. "ताई, या सभागृहात मी म्हातारा झालो. 'चूक माझी' हे दोन शब्द इथे आज पहिल्यांदा ऐकले. फोडा तो चौथरा." आणि पहिला हात त्यांचा वर! मग सगळे हात. इतके हात, की मला खालचं काही दिसेना. डोळे भरले होते म्हणूनही असेल.

जिन्यात सदर साहेब घसा खाकरत म्हणाले, "नळ माझ्या दुकानातले लावा. ते नगरपालिकेचे टिकत नाहीत."

९ डिसेंबर, बुधवार

आपा म्हणाली, "रंग फारच हळू वाळतोय गं, मास्तरीण." तिला सगळं माहीत होतं! शिवणवालीने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

२७ डिसेंबर, रविवार

झाली! खोली झाली! चौथरा मधोमध, चारी बाजूंनी फिरायला जागा, पायाकडे किंचित उतार. सदर साहेबांचे नळ चकचकीत.

आपाने हट्ट धरला, मला दाखवा. खुर्चीत बसवून चिरंजीवांनी आणि गवंड्याने उचलून नेली. नवऱ्या मुलीसारखी! आत नेऊन ठेवली, पुरुष बाहेर गेले. ती भिंतींकडे बघत राहिली. हात लांबवून चौथऱ्यावर ठेवला, मूल झोपलंय का बघावं तसा. खिडकीतून ऊन येऊन त्या फरशीवर पडलं होतं.

"गार आहे," शेवटी म्हणाली. "पाणी जरा जास्त कोमट ठेवा."

मग दारातल्या सूनबाईला हाक मारली. "इकडे ये." ही उंबऱ्याशीच अडली. आपाने परत बोलावलं नाही. लांबूनच दोन्ही हात उचलून तिच्यासाठी दुआ मागितली.

११ जानेवारी, सोमवार

सकाळी आपा गेली. झोपेत, शांतपणे. इन्ना लिल्लाह.

१२ जानेवारी, मंगळवार

कालचं आज लिहितेय. काल हात उचलत नव्हता.

शिवणवाली नेमकी तापाने फणफणलेली. खोलीत मी आणि आपाची भाची, ती वयाने माझ्याएवढीच. पाणी कोमट झालं, कापूर झाला, आपाच्या अंगावर कापड झाकलं. पण कूस वळवायची कोणी? माझ्या मनगटात जोर नाही, भाचीची कंबर धरलेली. दार किलकिलं करून म्हटलं, "कोणीतरी या गं." बाहेर बायका होत्या. कोणी हलायच्या आत सूनबाईने चपला काढल्या.

उंबरा ओलांडला. आधी भिंतीपाशी गेली. तळवा टेकवला, दाबून बघितला. मग दुसरी भिंत, तिसरी, चौथी. "पडतायत का बघतेस?" मी वैतागून म्हटलं. "नाही, अम्मी." बाहेर वारा होता, खिडकीची काच वाजली आणि तिचा हात असा झपकन चौथऱ्याच्या कडेला गेला की मीच दचकले. पण कड हलली नाही. पक्की आहे. तिने हळूच बोटं सोडली.

आणि मग तिने जे केलं! उजवा हात, उजवी कूस, पाणी वरून खाली, कापडाखालून, एक बोटभरही उघडं पडू न देता. चौथऱ्याला वळसा घालून पलीकडे गेली, तिथे उभी राहिली — त्या फोडून मोकळ्या केलेल्या बाजूला — आणि आपाला दोन्ही हातांनी आपल्याकडे वळवलं, झोपमोड होऊ नये तसं. कानामागचं पाणी टिपलं. केस विंचरून तीन वेण्या घातल्या. मी इतक्या वर्षांची जाणती, मी नुसती तांब्या धरून उभी. बघत राहिले. आपाचा चेहरा इतका समाधानी कधी दिसला नव्हता, जिवंतपणीसुद्धा.

"कोणी शिकवलं गं तुला?"

"लांबून बघून बघून," ती म्हणाली.

वेण्या झाल्यावर आपाच्या कानाशी वाकून काहीतरी बोलली. मी विचारलं नाही. ते त्या दोघींचं.

१७ जानेवारी, रविवार

गच्चीवर वारा होता. सूनबाई चादरी वाळत घालत होती, मी चिमट्यांची पिशवी घेऊन बसले होते. सहज म्हटलं, "एका चादरीला इतके चिमटे कशाला लागतात गं तुला?"

ती पाठमोरीच होती. "अम्मी, आपाच्या गोष्टीतली ती पोर मी. आत माझी आई होती."

या अल्लाह. आणि मी इतकी वर्षं, प्रत्येक मयताला, गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात — घट्ट धरा गं, त्या पोरीसारखं सोडू नका!

पिशवीतला एक चिमटा काढून तिच्या हातात दिला. मग आणखी एक. पिशवी रिकामी होईपर्यंत देत राहिले.